अक्का माहेरी, गाव माझ्या दारावर

चहा आधी संपवा. हे ऐकताना चहा नाकात जातो, आमच्या व्याह्यांच्या गेला होता. घोळ तसे मी जन्मभर घातले, पण हा असा की अजून बाजारात माणसं माझ्या डोक्याकडे बघून हसतात.

आमचं गाव वरणगावजवळ, केळीच्या बागांतलं. माझा मंडपाचा धंदा होता. लग्न असो, कीर्तन असो, नाहीतर कुणाच्या दहाव्याला माणसं बसायची असोत, कनाती आणि सतरंज्या माझ्याच. मग पतसंस्थेचं कर्ज काढून मोठा शामियाना घेतला, आणि लोकांनी लग्नं नेली लॉनवर! शामियाना पडून आणि व्याज चढतंय. शेवटी प्रकरण लोकअदालतीत गेलं. शामियाना विकला, व्याज माफ झालं, राहिलेल्याचे महिन्याचे हप्ते बांधून मिळाले.

न्यायाधीश बाई मोठ्या गोड बोलल्या. "नाना, हप्ता चुकवू नका. बाकी आनंदात राहा."

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. कोर्टात बाई बोलतील तो हुकूम, एवढंच मला कळतं. हप्ता भरायचा हा एक हुकूम, आनंदात राहायचं हा दुसरा. दोन्ही मोडायचे नाहीत!

तिसरा हुकूम घरचा. आमची ही मूळची पारोळ्याची. सारं गाव तिला अक्का म्हणतं, म्हणून मीही अक्काच म्हणतो. कोर्टातून बाहेर पडतानाच तिने माहेरच्या बोलीत सुनावलं, "आपलावर देनं शे, भीक नही लागनी. मौज करा, पण हप्ते फिटेपर्यंत कोणाच्या घरचं फुकट खायचं नाही. खाल्लं तर माझ्याशी बोलू नका."

मी शब्द दिला. तिने अबोला धरला तर या वयात मी बोलू कुणाशी?

आणि मौज काय कमी होते का हो? कापसाच्या काड्यांवर वांगं भाजलं की भरीत होतं, काड्या कुठल्याही बांधावर मिळतात. संध्याकाळी रेल्वे फाटकावर उभं राहून गाड्या बघायच्या. आणि ज्या लॉनने माझा धंदा बुडवला, त्याच्याच भिंतीला टेकून त्याचा बँड ऐकायचा. याहून गोड सूड मला तरी माहीत नाही!

तर आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, आली. साठी उलटली तरी अक्काला आखाजीला माहेर पाहिजेच. झोक्यावर आता कोण बसतं, पण भाऊ वाट बघतो. अर्ध्या तिकिटात पारोळ्याला गेली. फोन तिने नेला, कारण घरात फोन एकच, दोघांचा रिचार्ज कुठे परवडतो?

मी ठरवलं, ती येईपर्यंत अशी काटकसर करायची की ती थक्क झाली पाहिजे.

झाली. पुढे ऐका.

गॅस बंद. एकट्यासाठी काय पेटवायचा? मुरमुरे आणि गाडी भरताना गळलेली केळी, झालं जेवण. चपलेचा अंगठा तुटला, शिवायला टाकायच्या ऐवजी अनवाणी फिरायला लागलो. पंखा बंद. धंद्यातली एक सतरंजी उरली होती, ती बाहेर ओट्यावर अंथरून बसायचं. दिवेलागणीला बल्ब न लावता कोपऱ्यात खाली एक पणती.

मग हप्त्याचा दिवस आला. सकाळच्या एसटीने भुसावळला गेलो, हप्ता भरला. बाहेर निंबाखाली न्हावी बसला होता. उन्हाने डोकं नुसतं तापलेलं.

"गोटा कर," मी म्हटलं. "मिशीही काढ. पावसाळ्यापर्यंत बघायला नको."

त्याचा वस्तरा थांबला. हळूच म्हणाला, "घरचं कोणी का, बाबा?"

"घरच्यांना काय विचारायचं? डोकं माझं आहे."

त्याने उसासा टाकला, हलक्या हाताने गोटा केला आणि पैसे घेतले नाहीत. मी मनात म्हटलं, भुसावळची माणसं किती दिलदार!

संध्याकाळी गावात उतरलो. पारावर गप्पा रंगल्या होत्या, त्या एकदम थांबल्या. आमचे रामदास आप्पा, माझ्याच वयाचे, उठले. माझ्या डोक्याकडे बघितलं, अनवाणी पायांकडे बघितलं, आणि काही न बोलता माझ्यासोबत घरापर्यंत आले. सतरंजीवर बसले. आत पणती मिणमिणत होती, तिच्याकडे बघून त्यांनी हात जोडले.

मग रुमालाने मान पुसली.

"ऊन फार आहे," आप्पा म्हणाले.

"फार."

"केळीलाही भाव नाही."

"नाही ना."

मग उठले आणि 'येतो' सुद्धा न म्हणता निघून गेले. मला वाटलं, एकटा बघून सोबतीला आला, किती भला माणूस!

सकाळी शेजारची सुमन डबा घेऊन दारात. पिठलं-भाकरी! वास थेट पोटात गेला. पण मला शब्द आठवला.

"नको गं. अक्काला आवडायचं नाही."

सुमनने पदर तोंडाला लावला. "नाना, आज नाही म्हणू नका. तुमची चूल थंड, आणि आम्ही काय बघत बसायचं? अक्कालाही हेच वाटलं असतं."

हां! म्हणजे अक्कानेच जाताना हिला सांगून ठेवलं असणार. वरून कडक हुकूम आणि मागून डब्याची सोय. बायकोच ती! मग फुकटचं कसं? हे तर तिचंच झालं. मी पिठलं चाटूनपुसून खाल्लं.

दुसऱ्या वेळेला आप्पांच्या घरून खिचडी. मग कुणाची मुगाची भाजी, कुणाच्या पोळ्या. रोज ओट्यावर चार माणसं यायची, ऊन आणि केळी एवढं बोलायची आणि उठून जायची. मी मनात म्हणायचो, अक्काने तरी किती घरी सांगून ठेवावं!

आणि मग पतसंस्थेचे वसुलीवाले साहेब आले. मोटारसायकल लांब उभी केली, बूट काढले, सतरंजीवर टेकले.

"नाना, गावात कळलं. पुढच्या हप्त्याचं मनावर घेऊ नका. मी वर बोलतो."

"काबरं साहेब? हप्ता वेळेवर येईल. मी अगदी मजेत आहे."

साहेबांनी माझा हात हातात घेतला.

"खरंच सांगतो," मी त्यांना धीर दिला. "अक्का नाही तर घर कसं शांत आहे. पंखा नाही, गॅस नाही, खर्च म्हणून नाही. वेळेवर जेवण, रोज नवी भाजी. हे आधीच करायला पाहिजे होतं."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. "नाना... असं बोलू नका."

"का नको? आनंदात राहायचा कोर्टाचाच हुकूम आहे!"

त्यांनी बूट हातातच घेतले आणि मोटारसायकल गाठली.

त्याच संध्याकाळी ओट्यावर नेहमीपेक्षा जास्त माणसं जमली. साहेबांनी जाता जाता पारावर सांगितलं होतं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, एकटं सोडू नका. मला काय माहीत? मी आत बसून भरल्या मिरच्यांचा डबा संपवत होतो.

तेवढ्यात बाहेरून हंबरडा ऐकू आला. बाईचा. काळीज चिरणारा.

अक्का! पारोळ्याहून परतली होती. स्टँडवरून पिशवी घेऊन गल्लीत वळली, तर आपल्या ओट्यावर सतरंजी, तिच्यावर डोक्याला रुमाल बांधलेली माणसं खाली माना घालून बसलेली, घरात अंधार आणि खाली पणती. तिने विचारलंच नाही काही. पिशवी रस्त्यात टाकली, कुरडया साऱ्या गल्लीत पसरल्या, आणि तिने "मन्हा धनी वं माय!" करून जमिनीवर बसकण मारली.

तिला बघून ओट्यावरची माणसं उठून भिंतीला चिकटली. कोणी राम राम म्हणायला लागलं, सुमन किंचाळली.

मी तोंडात घास घेऊन दारात आलो. "काय झालं? कोण गेलं?"

अक्काने वर बघितलं. बिनमिशीचा, गोटा केलेला मी! रडणं तिथल्या तिथे थांबलं.

"तुम्ही जिते शेतस?"

"मला काय धाड भरली?"

आप्पा भिंत सोडून पुढे आले. "अक्का, आम्ही तर तुम्ही गेल्या म्हणून दारावर बसायला आलो होतो."

"मन्हासाठे? मी जिती शे! कोनी मारं माले?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. डोकं, मिशी, अनवाणी पाय, बंद चूल, ओट्यावरची सतरंजी, खालची पणती. ज्या माणसाने सुतकाच्या घरी जन्मभर सतरंज्या अंथरल्या, त्याला स्वतःच्या ओट्यावरची सतरंजी ओळखता आली नाही!

"अहो, पारोळ्याला एक फोन तरी करायचा!" मी आप्पांवर डाफरलो.

"असलं फोनवर कोणी विचारतं का, नाना?"

बरोबरच होतं ते.

मग हसू फुटलं. माणसं पोट धरून हसली, कुरडया वेचायला लागली. अक्काने डोळे पुसले, पदर नीट केला आणि सतरंजीवर मधोमध ठाण मांडून बसली. बाईला आपलं मरण ऐकायचं होतं.

"कोण कोण रडलं गं?"

"साऱ्या गल्लीने रडून घेतलं, अक्का," सुमन म्हणाली. "आप्पा तर दोन दिवस नीट जेवले नाहीत."

अक्का खूश झाली. मग माझ्याकडे मान वळवली. "आणि हे? हे जेवले?"

मी सुमनला डोळ्यांनी खुणावलं. पण ती भोळी बाई.

"जेवले ना! सगळ्या घरचे डबे धुतल्यासारखे परत आले. काल तर निरोप धाडला होता नानांनी, खिचडीवर तूप जरा कमी पडतंय म्हणून."

ओट्यावरच्या माणसांनी परत सुतकासारख्या माना खाली घातल्या.

मी शब्द मोडला म्हणून अक्का आता बोलणार नाही, असं मी धरून चाललो होतो. पण ती बोलली. अगदी शांतपणे बोलली.

"खरी मरेन ना, तेव्हा तुमच्या खिचडीचं तूप काढूनच ठेवीन. लोकांना कशाला ताप?"