सरांची फ्रेंच वाइन

“आधी वास, मंग घास,” असं म्हणत आमच्या शेजारचे सर कुठल्याही ताटावर वाकायचे. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. माझ्या घरचा चहासुद्धा ते हुंगायचे आणि मान हलवायचे. “पत्ती जुनी आहे तुमची.” शेवटी बायकोनं त्यांना चहा विचारायचंच सोडलं. सर गेल्या उन्हाळ्यात गेले. तुमच्याही शेजारी असा एखादा असेल, तेव्हा मी काय सोसलं ते वेगळं सांगायला नको.

त्यांची एकुलती एक लेक फ्रान्समध्ये वाइनच्या कारखान्यात नोकरीला. तिनं पहिल्यांदाच स्वतःच्या देखरेखीखाली केलेल्या लाल वाइनची बाटली इथं आदिलाबादला आणून ठेवली. “बाबा, चाखून खरं काय ते सांगा,” असं बजावून ती परत गेली.

एका रविवारी दुपारी सरांनी मला बोलावलं. घरी माझं मटण निवत होतं. सर पेला पांढऱ्या कागदासमोर तिरपा धरून रंग बघत होते. मग पेला गोल फिरवणं, त्यात नाक खुपसणं, पुन्हा फिरवणं.

“सर, प्यायची कधी?”

“घाई काऊन करता? ही काय ताडी आहे?”

अर्ध्या तासानं मी वैतागून माझ्या पेल्यातला घोट घेतलाच. “तुरट आहे.”

“तुमची जीभच तुरट!”

तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. सरांनी घसा खाकरला. “पिकलेली चेरी, देवदार, ओली माती, शेवटी मिरी.”

“बाबा, हे तर मीच चिठ्ठीवर लिहून बाटलीला बांधलं होतं. तुम्हाला स्वतःला कसला वास आला?”

सरांनी पेला खाली ठेवला. “मले वासच येत नाही, बाई. तीन वर्षांमागं ताप आला, त्यात गेला, तो गेलाच.”

तीन वर्षं हा गृहस्थ माझ्या चहाला नुसत्या अंदाजानं नावं ठेवत होता!

“मंग मला काऊन बोलावलं?” मी ओरडलोच.

“तुमी तरी सांगाल म्हून. तुमी तर तुरट म्हणून मोकळे झाले.”

मी माझा पेला उचलला. आयुष्यात पहिल्यांदा नीट हुंगला. “फुटलेलं जांभूळ आहे. सुपारीचा जुना डबा. आणि थोडा धूर, मक्याचं कणीस भाजताना येतो तसा.”

सर डोळे मिटून एकेका शब्दाला एकेक घोट घेत होते. तिकडे लेक लिहून घेत होती. मध्येच थांबली.

“काका, बाबा रडून राह्यले का?”

“छे! चढली जरा त्यांना.”

सरांनी आपला पेला माझ्यापुढं सरकवला. “अजून सांगा.”