ताराबाईंचं दुर्बिणीचं ऑपरेशन

प्रताप नगरच्या आमच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये मी रिसेप्शनला बसते. इथे किस्से शोधावे लागत नाहीत. गुडघा धरून आलेला माणूस नंबर लागेपर्यंत बोलतच असतो!

*

एका काकांना आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी रोज चालायला सांगितलं. पुढच्या वेळी म्हणाले, रोज चालतो. कुठपर्यंत? तर्री-पोह्याच्या ठेल्यापर्यंत. वजन वाढलं, तर आमचं मशीनच खराब म्हणे!

*

एका आजींनी घरी करायचा सगळा व्यायाम सुनेकडून करून घेतला. सुनेचे गुडघे आता मस्त आहेत.

*

गांधीबागेत कापडाचं दुकान असलेल्या घरातल्या ताराबाई. त्यांच्या गुडघ्यातली फाटलेली गादी दुर्बिणीतून ऑपरेशन करून साफ केली होती. धाकट्या जावेसोबत येत आणि माझ्यासमोर बसून सगळ्यांना टाक्यांच्या दोन बारीक खुणा दाखवत. एकदा कुरिअरवाल्यालाही दाखवल्या!

"आता दुखत नाही ना, काकू?" त्यानं विचारलं.

ताराबाईंनी साडी खाली केली.

*

धाकट्या जाऊ विमलताई. त्यांचीही गादी फाटलेली, पण त्या फक्त व्यायाम करायच्या. ताराबाईंचा रोजचा टोमणा, "व्यायामानं फाटलेलं शिवल्या जाते का वं?" शेवटी घाबरून विमलताईंनी ऑपरेशनची तारीख घेतली.

मॅडमनी समजावलं. तुमचा गुडघा वाकवताना मध्येच अडकत नाही, ही वयाची झीज आहे. अशा गुडघ्यात दुर्बिणीच्या ऑपरेशनचा बहुतेकांना व्यायामापेक्षा जास्त फायदा होत नाही.

"हे आमच्या जाऊबाईले सांगून पाहा," विमलताई म्हणाल्या.

*

मग विमलताईंनीच तोड काढली. पुतण्याच्या लग्नात दोघींनी खाली पंगतीत बसायचं. जाऊबाई हात न टेकता उठल्या तर विमलताईंचं ऑपरेशन पक्कं, नाहीतर रद्द. ताराबाई जोरात हो म्हणाल्या.

मलाही बोलावणं होतं. दोघी शेजारी बसल्या. गोळाभात झाला, कढी झाली, पंगत उठली. ताराबाई बसूनच.

"थोडा भात वाढ गा," त्या वाढप्याला म्हणाल्या. विमलताईंनीही घेतला. पुन्हा वाढला, पुन्हा घेतला.

मी विमलताईंना विचारलं, तुम्ही तरी उठता का?

"मोठ्या जाऊबाईच्या आधी मी कशी उठू?" त्या अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाल्या.

दुसरी पंगत डोक्यावर येऊन उभी राहिली. वाढप्यानं रिकामं पातेलं वाकवून दाखवलं.

ताराबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग पानाकडे बघत हळूच विचारलं, "विमल, तुया मॅडमनं उठाले कसं शिकवलं वं? आधी कोणता पाय?"