पडवीतली कुर्ती आणि सासूबाईंचा नकार

शिलाई मशीनखाली चिंध्या जमतात तसे आमच्या पडवीत किस्से जमतात. चिंध्या निदान पायपुसण्याला तरी लागतात. किस्से मात्र नुसते साठत राहतात, आणि कुणी चहाला आलं की मी त्यातले चार-दोन बाहेर काढते.

आधी पडवीबद्दल सांगते, कारण सगळं भांडण तिचंच आहे. रत्नागिरीत आमचं घर, घर सासूबाईंच्या नावावर. पडवीत मी आणि माझी धाकटी जाऊ रेखा कुर्त्या शिवतो. रेखा कागदावर नमुना काढून कापते, मी शिवते. आम्हा दोघींचे नवरे मुंबईला, आणि थोरल्या भावापुढे तोंड न उघडण्यात दोघेही पटाईत. थोरले भाऊजीही मुंबईलाच असतात, पण त्यांचं लक्ष सगळं इथे. त्यांना पडवीत पर्यटकांसाठी एसी खोली काढायची आहे. होमस्टे! गणपतीला येईन तेव्हा मशीन उचललेलं दिसलं पाहिजे, असं त्यांनी फोनवर सांगून ठेवलेलं.

शेवटचा शब्द सासूबाईंचा. आणि सासूबाईंचं मत काय, तर परक्या बायकांची अंगं मोजायचा धंदा घरात नको, आणि कुर्ती हा काही कपडा नव्हे. दारातल्या खुर्चीत बसून हे मत त्या गिऱ्हाइकांनाही ऐकवायच्या. आमची जाहिरात अशी घरच्या घरी, फुकटात व्हायची.

*

नमुन्याला जाड कागद लागतो. रेखाचा सगळा जीव भिंतीवरच्या कॅलेंडरवर, कारण तसा गुळगुळीत कागद दुसरीकडे मिळत नाही. महिना संपला की ते पान तिचं, असा घरात अलिखित करार.

एकदा तिने अख्खं कॅलेंडर जमिनीवर पसरून गेल्या महिन्याच्या पानातून बाही कापली. कात्री नवी, हात जोरात. खालच्या, म्हणजे चालू महिन्याच्या पानालाही काखेची छान गोलाई आली. रेखाने कॅलेंडर परत खिळ्याला लावलं आणि बाहीचं कौतुक करत बसली. आता त्या भोकातून पुढच्या महिन्याच्या तारखा दिसत होत्या, आणि सासूबाई चष्मा लावून भक्तिभावाने त्याच वाचत होत्या.

संकष्टीच्या दिवशी त्यांनी बांगड्याचं तिखलं भातावर घेऊन दोनदा खाल्लं. संध्याकाळी शेजारीण चंद्रोदय कधी आहे विचारायला आली, तेव्हा उलगडा झाला.

"गणपतीने विचारलान तर काय सांगू गो मी?" सासूबाई म्हणाल्या. "संकष्टी बाहीत गेली म्हणून?"

*

माप देताना बायका श्वास ओढून धरतात. हा आजार सार्वत्रिक आहे. त्यावर रेखाने औषध शोधलंय. टेप कमरेला लावली की ती सहज विचारते, "काय जेवलात आज?" उत्तर द्यायचं तर श्वास सोडावा लागतो, आणि खरं माप हाती येतं.

पावस गावाहून एक बाई यायच्या. भाचीच्या लग्नात नणंदेपुढे बारीक दिसायचं, एवढी एकच त्यांची मागणी. रेखाने जेवणाचं विचारलं, तर त्या नुसत्या हसल्या. भात का पोळी, तर मान हलवली. आमटी होती का, पुन्हा मान. शेवटी आम्ही हरलो आणि दिलं तेच माप शिवलं.

ट्रायललाही बाई श्वास धरूनच आल्या. कुर्ती घातली, आरशात पाहिलं, अंगठा वर करून पसंती कळवली आणि तशाच ताठ चालत निघाल्या. फाटकापाशी त्यांनी श्वास सोडला असावा, कारण शिवण उसवल्याचा आवाज आम्हाला पडवीत ऐकू आला.

सासूबाई खुर्चीतूनच म्हणाल्या, "जेवली व्हती म्हणजे."

*

आता मोबाईलवरचे फोटो. एक कॉलेजची मुलगी आली. फोटोत समुद्रकिनाऱ्यावर एक काडीसारखी मॉडेल, अंगात पांढरी कुर्ती, वाऱ्यावर केस. मुलगी म्हणाली, डिट्टो हीच पाहिजे. फक्त गळा असा नको, बंद गळा पाहिजे. बाह्या लांब. रंग मरून. लांबी गुडघ्याखाली, कारण बाबा. आणि घेर कमी, कारण स्कूटीच्या चाकात जातो.

मी शांतपणे विचारलं, "मग यातलं नेमकं काय ठेवू?"

"लुक," ती म्हणाली.

लुक ठेवला. मरून, बंद गळ्याचा, गुडघ्याखालचा लुक. मैत्रिणींना दाखवून तिने आणखी गिऱ्हाइकं आणली, म्हणजे लुक आला असणार. मला अजून दिसलेला नाही.

*

बंदरावर मासे विकणाऱ्या शेवंताबाई कुर्तीचं माप द्यायला आल्या तेव्हा सासूबाईंनी कपाळावर हात मारला. शेवंताबाईंचं म्हणणं सरळ होतं. साडी ओली होते, जड होते, पायात येते. त्यांना कुर्ती पाहिजे होती, आणि तिला दोन्ही बाजूंना खिसे, मनगट बुडेल इतके खोल.

रेखाने खिशांचा वेगळा नमुना काढला. कॅलेंडर सोडून दुसऱ्या कागदावर. कुर्ती न्यायला आल्या तेव्हा शेवंताबाई खूश होऊन सासूबाईंसाठी सुरमईचे तुकडे घेऊन आल्या, आणि नवीन कुर्ती त्यांच्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "बगा तरी हात घालून, म्हातारे."

सासूबाईंच्या कमरेला जन्मभर एक बटवा खोचलेला. त्यात बीपीच्या गोळ्या, सुपारी, चष्म्याचं घर आणि देवघराची किल्ली. बसल्या की तो पोटात रुतायचा, उठल्या की पडायचा. त्यांनी नाक मुरडत खिशात हात घातला.

"थेर नुसते," त्या म्हणाल्या. हात मात्र बराच वेळ आतच होता.

*

गणपती दोन आठवड्यांवर आले आणि भाऊजी आधीच हजर झाले, हातात स्टीलची टेप. आल्या आल्या त्यांनी पडवी मोजायला घेतली. एक टोक माझ्या हातात दिलं आणि भिंतीला धरून उभं राहायला सांगितलं. आपल्याच दुकानाची कबर मोजायला मदत करायची वेळ सगळ्यांवर येत नाही. माझ्यावर आली. रडू येत होतं, पण धरून उभी राहिले. रेखा मशीनपाशी गळ्यात टेप घालून बसली होती.

भाऊजी मोजता मोजता आईला समजावत होते. इथे पलंग, तिथे एसी, मशीन उद्याच मागच्या खोपीत. बायकांची वर्दळ थांबेल, घराला घरपण येईल. सासूबाई इतकी वर्षं जे बोलत होत्या तेच भाऊजी बोलत होते, त्यामुळे आमच्या बाजूने बोलायला कुणी उरलंच नव्हतं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"उद्या नको," त्या म्हणाल्या. "उद्या माजी ट्रायल हाय."

भाऊजींना वाटलं, दवाखान्यातलं काहीतरी. "कसली ट्रायल, आई?"

"कुर्तीची."

रेखाने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. सासूबाईंचं माप आम्ही कधी घेतलेलंच नव्हतं. त्या खुर्चीतून उठल्या, कमरेचा बटवा काढून भाऊजींच्या हातात दिला, आणि पडवीच्या मधोमध, जिथे पलंग यायचा होता तिथे, दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"घे गो माप," त्या रेखाला म्हणाल्या. "खिसे दोन. आणि काय जेवले ता विचारू नको, मी श्वास धरीत नाय."

रेखाने गळ्यातली टेप काढली. भाऊजींच्या टेपचं टोक अजून माझ्याच हातात होतं. मी ते सोडलं.