शाळा बघण्याचा कार्यक्रम

दुबईला येऊन राहा, असं मी बायकोला दर सुट्टीत म्हणायचो आणि ती "बघू" म्हणायची. तिचं "बघू" म्हणजे नाही, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी दुबईच्या देरा भागात एका कापडाच्या व्यापाऱ्याकडे कारकून होतो, माडीवरच्या एका खोलीत पाच जणांबरोबर राहत होतो आणि दोन वर्षांतून एकदा बोटीने मुंबईला आणि तिथून रत्नागिरीकडच्या आमच्या गावी जात होतो. थोरली मुलगी नऊ वर्षांची झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिच्या आयुष्यात मी सगळं मिळून काही महिनेच घरात होतो. दर खेपेला ती पहिले आठ दिवस दाराआडून माझ्याकडे बघायची आणि ओळख पटली की माझी परत निघायची वेळ व्हायची. मी नेलेला फ्रॉक दर खेपेला आखूड व्हायचा, कारण माझ्या डोक्यातली मुलगी दोन वर्षांनी लहान असायची.

त्या सुट्टीत मी हट्टच धरला. बायको म्हणाली, येते, पण आधी शाळा बघायची. मुलगी गावच्या शाळेत चौथीत दुसरी आली होती आणि तिची शाळा बुडवून वाळूत चूल मांडायला बायको तयार नव्हती. मी म्हटलं, ठीक आहे, मी बघतो.

"तुम्ही नाही," ती म्हणाली. "तुम्ही कशालाही चांगलंच म्हणाल. तुम्हाला आम्ही यायला हवं आहे."

यात खोटं काही नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. शेवटी असं ठरलं, की शाळा फुफी बघेल. ती हो म्हणाली तर सगळे येतील. नाही म्हणाली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

फुफी म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. तिचा मुलगा देऱ्यातच बिऱ्हाड करून होता आणि सुनेच्या बाळंतपणासाठी ती त्याच्याकडे येणार होती. फुफीला लिहिता-वाचता येत नव्हतं. शाळेच्या इमारतीत ती एकदाच गेली होती, मत द्यायला. पण आमच्या आसपासच्या गावांत मुलगी बघायची असो की मुलाचं घर, फुफीशिवाय पान हलत नसे. तिने नापसंत केलेल्या स्थळाला पुढे दुसरीकडूनही विचारणा होत नसे. अशा बाईच्या हातात माझा संसार देऊन बायको मोकळी झाली.

तेव्हा दुबईत शाळांची काही रांग लागलेली नव्हती. आपल्याकडच्या लोकांनी मिळून खाडीपलीकडे एका भाड्याच्या घरात इंग्रजी शाळा काढली होती. मोजक्या खोल्या, मधे अंगण आणि अंगणात खजुराच्या झावळ्यांचा मांडव, त्याखाली लहान मुलांचा वर्ग. मी हेडमास्तरांना आधी कळवून येतो म्हटलं, तर फुफीने मला वेड्यात काढलं. सांगून गेलं की लोक जाजम अंथरून ठेवतात, मला जाजमाखालची जमीन बघायची आहे, असं तिचं म्हणणं. तरी मी आपला शर्ट इस्त्री करून घातला, केसांना तेल लावलं आणि निघालो. आपल्यामुळे शाळेचं मत वाईट होऊ नये, एवढाच विचार त्यामागे होता.

अब्रातून, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीतून उतरल्यावर फुफी शाळेत गेलीच नाही. ती आधी शाळेशेजारच्या इराणी रोटीवाल्याच्या भटारखान्यात गेली, कारण घरची खरी माहिती शेजारी देतात. तिने आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत त्या बिचाऱ्याची उलटतपासणी घेतली. भांडणं होतात का, कोण उशिरा येतं, कोण कोणावर ओरडतं. भट्टीवाल्याची तक्रार एकच होती, की पोरं फार कालवा करतात. फुफी बाहेर येऊन मला म्हणाली, की आवाज आहे म्हणजे पोरं घाबरलेली नाहीत. मी मनात म्हटलं, एक गुण मिळाला.

हेडमास्तर केरळकडचे, टाय लावलेले, फार सज्जन. ॲडमिशनसाठी पाहुणे आलेत म्हटल्यावर त्यांनी निकाल, पुस्तकं, परीक्षा असं सगळं मोठ्या उत्साहाने सांगायला सुरुवात केली. फुफीने ते ऐकून घेतलं आणि प्यायला पाणी मागितलं. पेला आला. तिने तो उजेडात धरला, हुंगला, अर्धा प्यायला आणि उरलेलं पाणी चव बघायला मला दिलं. मग संडास कुठे आहे ते विचारून ती तिकडे गेली आणि बराच वेळ आली नाही. हेडमास्तर आणि मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघत बसलो. परत आल्यावर तिने हेडमास्तरांनाच फैलावर घेतलं. गाव कुठलं, भाऊ किती, आईवडील आहेत का, आणि एवढा शिकलेला माणूस आपला मुलूख सोडून इतक्या लांब का आला. हे प्रश्न त्यांना कळेल अशा हिंदीत सांगता सांगता माझ्या कानशिलांवरून घाम वाहायला लागला. हेडमास्तरांनी मात्र सगळ्याची उत्तरं दिली. नंतर त्यांनी हळूच चष्मा पुसला.

मग फुफीला मुलीला शिकवतील त्या बाई बघायच्या होत्या.

बाई आल्या. विशीतल्या, साडी नेसलेल्या, बोटांना खडू लागलेला. बोलायला लागल्या तर चक्क आपल्याकडच्याच. घर महाडकडचं, शिक्षण मुंबईत झालेलं, वडील वारलेले, इथे भावाजवळ राहायच्या आणि भाऊ एका बोट कंपनीच्या ऑफिसात होता. फुफीचा चेहरा एकदम खुलला. तिने त्यांना अगदी जवळ बसवून घेतलं, हात हातात घेतला आणि तळवा उलटसुलट करून बघितला. वय काय, घराणं कुठलं, कुराण वाचतेस का, स्वयंपाक येतो का, राग लवकर येतो का, डोकं दुखतं का. एवढी वाळलीस का, वेळेवर जेवतेस ना. मग म्हणाली, त्या फळ्यापर्यंत चालून दाखव. बाई गोंधळल्या, पण चालल्या. फुफीला फक्त बघायचं होतं, की ही वर्गात फिरून शिकवणारी आहे की खुर्चीला चिकटणारी. हे तिने मला नंतर सांगितलं. त्या वेळी ते कोणालाच माहीत नव्हतं. मी लाजेने जमिनीकडे बघत उभा होतो आणि इस्त्रीच्या शर्टाची बाही घामाला लावत होतो.

हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, फुफीकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं आणि त्यांनी चहा-बिस्किटं मागवली. मला वाटलं, काम झालं.

जाता जाता फुफीने विचारलं, की आमच्या घरची मुलगी चौथी झाली आहे, तिला कुठे बसवाल. हेडमास्तर म्हणाले, "नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम, सब हो जायेगा." बाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं, की इंग्रजी येत नाही म्हणून आधी पहिलीतल्या लहान मुलांबरोबर मांडवात बसावं लागेल.

"सुरुवातीला रडेल," त्या म्हणाल्या. "रोज रडेल. मग हळूहळू थांबेल."

फुफीने पदराच्या गाठीतून खडीसाखर काढून बाईंच्या हातावर ठेवली, मुलगी मला आवडली म्हणाली, आणि घरी विचार करून कळवतो असं सांगून उठली. अब्रात मी तिला निकाल विचारला, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पाण्याकडे बघायला लागलो. स्थळ बघून आल्यावर लगेच तोंड उघडायचं नसतं.

त्या शुक्रवारी आमची खोली सुट्टीच्या अवतारात होती. दोरीवर सहा जणांचे कपडे, स्टोव्हवर मासे आणि मी लुंगीवर. दारात हेडमास्तर उभे आणि त्यांच्याबरोबर सुटातला एक गंभीर माणूस. हे बाईंचे भाऊ, अशी ओळख झाली. मला वाटलं, इंग्रजी शाळांची पद्धत असेल, मुलीला घेण्याआधी घर बघून जात असतील. मला त्यांचं कौतुकच वाटलं. त्यांना ट्रंकेवर बसवून मी लुंगीवरच शर्ट चढवला आणि ते विचारतील त्याची उत्तरं द्यायला लागलो.

नोकरी पर्मनंट आहे का. आहे. पगार वेळेवर होतो का. होतो. दारू, पत्ते? अल्ला माफ करो. राहायचं इथेच, या गर्दीत? मी म्हटलं, छे, तुमच्याकडून होकार आला की दुसऱ्या दिवशी घर बघतो, इन्शाल्ला. भावाच्या कपाळावरच्या आठ्या जरा सैल झाल्या. माझे खोलीवाले स्टोव्हपाशी गप्प बसून ऐकत होते. ते एकमेकांना कोपरानं का ढोसत होते, ते मला कळेना.

"एक विचारतो, राग मानू नका," भाऊ म्हणाला. "आधीचं लग्न वगैरे काही?"

"झालंय की," मी अभिमानाने म्हणालो. "दहा वर्षं होऊन गेली. बायको गावी आहे, दोन मुली आहेत. त्यांच्यासाठीच तर सगळं चाललंय."

भाऊ ट्रंकेवरून उठला. सूट झटकला. मला वाटलं, ट्रंकेची कडी टोचली असेल. त्याने मला काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर याहून जास्त ऐकवलं असतं. घरी बायको असताना म्हातारीला पुढे करून बिनबापाच्या पोरीला बघायला येता, लाज नाही वाटत, असा एकूण सूर होता. मी शाळा, फुफी, बायकोची अट, सगळं एका दमात सांगायला गेलो आणि त्यातलं एकही वाक्य धड झालं नाही. हेडमास्तर दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "मिस्टर, हम स्कूल चलाते हैं, मॅरेज ब्युरो नहीं." मी अजीजीने मुलीच्या जागेचं विचारलं.

"देखेंगे," ते म्हणाले.

घरच्या "बघू"चा अनुभव गाठीशी असल्यामुळे मी समजलो. खलास. ते गेल्यावर खोलीवाले पोट धरून हसले आणि नंतर कित्येक महिने मला नवरदेव म्हणत राहिले. मला हसू येत नव्हतं. मासे करपले होते आणि माझी मुलगी पुढच्या सुट्टीत पुन्हा दाराआडून बघणार होती. त्या दिवशी मला फुफीचा, बायकोचा, इंग्रजी भाषेचा, सगळ्यांचा राग आला.

फुफीला हे सांगितलं तेव्हा ती नातवाला तेल लावत होती. तिने त्याची दुसरी बाजू लावून संपवली, हात धुतले आणि म्हणाली, चल. आम्ही दोघं बाईंच्या घरी गेलो. भावाने दार उघडलं, पण वाट सोडली नाही. मला वाटलं, आता फुफी माफी मागेल. इतकी वर्षं तिला ओळखून मला असं वाटावं, यावरून माझी अवस्था कळेल.

तिने उलट त्यालाच धरलं. बहिणीला कोणी बघून गेलं असं ऐकलंस, तर कोणासाठी बघितली ते आधी विचारायचं की नाही? मुलीकडच्यांनी पहिला प्रश्न हा विचारायचा असतो. तू पगार विचारलास, पत्ते विचारलेस, लग्न शेवटी विचारलंस. उद्या खरंच कोणी आला तर असाच फसशील. तेवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला. बाई पदर तोंडाशी धरून इतक्या हसत होत्या की त्यांना उभं राहवत नव्हतं. त्या म्हणाल्या, शाळा बघायला आतापर्यंत बरेच पालक आले, फी विचारली, निकाल विचारला, पण बाई जेवतात का, हे कोणी विचारलं नव्हतं. मग भावालाही हसू आलं आणि त्याने वाट सोडली.

चहा झाला. त्या चहावर फुफीने बाईंसाठी स्थळ बघायची जबाबदारी घेतली. मी घाईघाईने म्हटलं, मुलगा दुबईतलाच बघ, नाहीतर माझ्या मुलीची बाई जाईल. फुफी म्हणाली, ते मला कळतं. पुढे वर्षभरात तिने ते जमवलंही, आणि मुलगा दुबईतलाच. ॲडमिशन हे निमित्त नव्हतं, मुलगी खरंच आहे आणि ती माझीच आहे, हे हेडमास्तरांना बाईंनीच समजावलं आणि मुलीची जागा पक्की झाली.

परतताना फुफीने निकाल सांगितला. पाणी गोडं आहे, संडास बरा आहे, बाकी हेडमास्तर सगळं चांगलंच सांगत होते, तेव्हा त्यावरून काही कळलं नाही.

"पण ती पोरगी म्हणाली, रडेल," फुफी म्हणाली. "रडेल असं जी आधी सांगते, ती रडताना बघत बसणार नाही. लिही बायकोला, पसंत आहे."

पुढच्या थंडीत बोटीने सगळे आले. मी घर घेतलं होतं, खाडीच्या पलीकडे, शाळेपासून चालत जाता येईल असं. शाळेच्या पहिल्या दिवशी बायकोने मुलीच्या वेण्या घातल्या आणि मी तिला घेऊन निघालो. वाटेत मी बडबडत होतो. पाणी गोडं आहे, बाई आपल्याकडच्या आहेत, लहान मुलांत बसावं लागेल पण थोडेच दिवस. शाळेच्या दाराशी आलो तेव्हा तिने इमारतीकडे बघितलंसुद्धा नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"दुपारी न्यायला कोण येणार?" तिने विचारलं.

"मी येईन."

"आणि उद्या?"

"उद्याही मीच."

"परवा?"

"रोज मीच येणार."

तेव्हा तिने पहिल्यांदा मान वळवून शाळा बघितली, अंगण बघितलं, झावळ्यांचा मांडव बघितला.

"मग शाळा चांगली आहे, अब्बा," ती म्हणाली आणि आत गेली. मी ऑफिसला गेलो, पण दुपारपर्यंत मी कोणाच्याच कामाचा नव्हतो.