बर्वेकाकांची ओली काच

बर्वेकाका फोटो काढण्याआधी माणसाचं डोकं मागून लोखंडी चिमट्यात धरत. मी पहिल्यांदा त्यांच्या खुर्चीत बसलो, मानेला ते गार लोखंड लागलं, आणि घरून कोथिंबीर आणायला निघालेला मी इथे कशाला आलो असं झालं. "हलू नकोस. दहा आकडे मोजतो. हललास तर काचेवर तुझं भूत येईल." सातव्या आकड्याला मी आवंढा गिळला. काचेवर दोन गळ्यांचा गृहस्थ उमटला. ती काच काकांनी माझ्या बायकोला भेट दिली. पाहुणे आले की ती आधी तीच दाखवते.

काका न्यू जर्सीतल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले आणि आयसेलिनच्या घराच्या गॅरेजात राणी व्हिक्टोरियाच्या काळातले फोटोग्राफर झाले. काचेवर एथर मिसळलेला चिकट द्राव ओतायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो घ्यायचा. त्या क्षाराने त्यांची बोटं कायम काळी असत. पुण्याहून आलेल्या आज्या, नवी जोडपी, फिलाडेल्फियाचे गोरे, सगळे त्यांच्याकडे चेहरा द्यायला येत. जुन्या फोटोग्राफरांची चरित्रं त्यांना पाठ होती, पण त्यांची कला नव्हे, त्यांचे शेवट. "एक स्फोटात गेला. एकाचे डोळे गेले. म्हातारे झाले ते सगळे भित्रे. तू भित्रा हो."

शनिवारी मी त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागलो. वय बेचाळीस, हात मात्र बालवाडीतले. काकांनी गॅरेजातला गॅसचा हीटर काढून विजेचा बसवला होता, आणि जमिनीलगत हवा बाहेर फेकणारा पंखा अखंड चालू असे. "एथर वर जात नाही रे. जमिनीवरून सरपटतो. ठिणगी शोधत असतो." मी म्हणालो, "काका, तुम्ही फोटोग्राफर कमी आणि सेफ्टी ऑफिसर जास्त." ते म्हणाले, "सेफ्टी ऑफिसरचा फोटो कोणी काढत नाही. पण तो जेवायला घरी असतो."

त्या वर्षी दसरा शनिवारी आला. बायकोने झेंडू, कुंकू आणि निरांजन असं तबक दिलं होतं. माझ्या लॅपटॉपची पूजा झालीच होती. मला वाटलं, काकांच्या कॅमेऱ्याची करावी, त्यांना सरप्राइज द्यावं. काका काळ्या पडद्याआड मोठ्या बाटलीतून छोटीत द्राव ओतत होते. मी कॅमेऱ्याच्या तिवईपाशी बसलो. निरांजन दोनदा विझलं. पंख्याच्या वाऱ्याने. मग मी पंखा बंद केला.

तिसऱ्यांदा ज्योत छान लागली. तिवईच्या पायाला कुंकू लावेपर्यंत ती तशीच होती. मग फरशीवरून एक निळसर रेघ पडद्याकडे धावली. आवाज नाही, धूर नाही. पडदा खालून पेटला, आणि आत काका होते, हातात बाटली घेऊन. मी हललो नाही. लोक म्हणतात, अशा वेळी माणूस धावतो. मी कुंकवाचं बोट वर धरून तसाच बसून होतो.

काका पडदा ओढून बाहेर आले. बाटलीचं बूच त्यांनी लावलं होतं. ते लावताना उजवा हात भाजला होता. त्यांनी गॅरेजचं दार उघडलं, माझी कॉलर धरली आणि मला अंगणात ढकललं. काकू स्वयंपाकघरातून श्रीखंडाचा चमचा हातात घेऊनच बाहेर आल्या.

बंब आला, आग विझली. अधिकाऱ्याने वही काढून विचारलं, "दिवा कोणी लावला?" माझं ग्रीन कार्ड तेव्हा नऊ वर्षं अडकलेलं होतं. एखाद्या रिपोर्टात नाव आलं तर काय होईल, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून जे जे होऊ शकेल ते सगळं डोळ्यांपुढे आलं. मी तोंड उघडलं. "मी लावला," काका म्हणाले. "आमचा सण आहे. दरवर्षी लावतो." मी तोंड मिटलं.

गॅरेजात रसायनं ठेवायला काकांना कायमची बंदी झाली. त्यांनी काचा वाटून टाकल्या, कॅमेरा एका कॉलेजला दिला आणि क्युपर्टिनोला मुलीकडे गेले. निघताना मी म्हणालो, "काका, मी सांगायला हवं होतं." ते म्हणाले, "हो, हवं होतं," आणि बॅगेची चेन लावू लागले.

त्यानंतर वर्षभराने, कार्ड आलेलं नसतानाच, मी अग्निशामक कचेरीत गेलो. तीनदा गाडी पार्किंगमधून परत वळवली, चौथ्यांदा उतरलो. खरं ते सांगितलं. अधिकाऱ्याने जुनी फाइल काढली. "आधी का नाही बोललात? ते दरवर्षी दिवा लावतो म्हणाले, म्हणून बंदी घातली. पाहुण्याची चूक असती तर फक्त ताकीद दिली असती."

त्यानंतर दर रविवारी मी काकांना फोन करायचो. हवा, गुडघे, नातवाचा सॉकर, सगळं बोलायचो. अधिकाऱ्याचं ते वाक्य ओठांपर्यंत यायचं आणि मी म्हणायचो, "बरं, ठेवतो." मार्चमध्ये एका रविवारी काकूंनी फोन उचलला. काका पहाटे झोपेतच गेले होते.

थोडं रडून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हे विचारायचे रे, हा सारखा काहीतरी सांगायला जातो आणि थांबतो. काय सांगायचं होतं तुला?"

"काही नाही काकू," मी म्हणालो. "सहजच करायचो फोन."