हिरामावशींच्या घरातलं खिडकीजवळचं बटण

आधी गायकवाड बाईंचं नाव घेतो. करमाळ्याच्या शाळेत त्या आम्हाला गणित शिकवायच्या. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मला बी.एस्सी.ला पाठवा, हे सांगायला त्या वीटभट्टीवर आल्या आणि वडील हो म्हणेपर्यंत उन्हात उभ्या राहिल्या. त्या उभ्या राहिल्या नसत्या, तर त्या बुधवारी मी वरळी कोळीवाड्यात एका टेबलाखाली आडवा पडून, सुरमईच्या वासात, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरची मागची बाजू बघत नसतो.

टेबलाखालची ही माझी तिसरी खेप होती.

घर हिरामावशींचं. त्या दादरच्या बाजारात मासळी विकतात. त्यांची मुलगी जागृती कॉम्प्युटरवर अ‍ॅनिमेशन करते. एका सिनेमासाठी तिनं समुद्राची लाट तयार केली होती. शुक्रवारी परळच्या स्टुडिओत दिग्दर्शक ती लाट बघणार होते. आवडली तर सिनेमातल्या समुद्राचं सगळं काम तिचं, तिच्या नावावर.

अडचण एकच. दिग्दर्शक समोर बसून बदल सांगणार आणि तिथल्या तिथे करून मागणार. एवढं जड काम तिच्या लॅपटॉपला झेपत नाही. ते घरच्या मोठ्या कॉम्प्युटरवरच होतं. तो सकाळपासून चालू ठेवला तर खोली तापते, आणि त्याच खोलीत मावशींचा मासळीचा मोठा फ्रीजर. म्हणून जागृतीला हवं होतं असं की, लागेल तेव्हा परळहून घरचा कॉम्प्युटर सुरू करायचा आणि काम झालं की तिथूनच बंद करायचा.

बंद करणं सोपं असतं. नेटवर्कमधून आत शिरायचं, एक कमांड द्यायची, झालं. उठवणं अवघड. कॉम्प्युटर बंद असला तरी त्याचं नेटवर्क कार्ड, म्हणजे केबल जोडतो तो भाग, चिमूटभर वीज घेऊन कान देऊन बसलेलं असतं. प्रत्येक कार्डला स्वतःचा नंबर असतो. तो नंबर लागोपाठ सोळा वेळा ऐकू आला, की कार्ड अख्खं मशिन जागं करतं. या हाकेला मॅजिक पॅकेट म्हणतात.

हे मी जागृतीला सांगत होतो तेव्हा मावशी ओट्याशी कोळंबी सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "सोळा हाकांनी उठतं? मग ही आमचीच पोर हाय."

"आई, गप ना!" जागृती म्हणाली.

मी असलो की सगळं चालायचं. मी लॅपटॉपवरून हाक मारायचो, पंखा घुं करायचा, स्क्रीन उजळायची. जागृती टाळ्या वाजवायची. मग मी नायगावला आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात परत यायचो, तिथून हाक मारायचो, आणि काही नाही. राऊटर उत्तर द्यायचा, कॉम्प्युटर ढिम्म.

दुकानाचे मालक सावंत सर मूळचे मालवणचे. ते म्हणाले, "मेल्या, तू थंय कामाक जातस की जेवूक?"

"सर, सेटिंग सगळी बरोबर आहे."

"मग समुद्र चुकलो काय?"

पहिल्या खेपेला मी बायोस, म्हणजे मशिन सुरू होतानाची मूळ सेटिंग, बदलली. दुसऱ्या खेपेला विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद केलं, त्यानंही कधी कधी कार्ड बहिरं होतं. तिसऱ्या खेपेला केबल बदलली. प्रत्येक वेळी मावशींना विचारलं, "मावशी, कॉम्प्युटरला कुणी हात लावतं का?"

"नाय रे पोरा. मना त्यातलं काय कळतं?"

त्या बुधवारी जागृती कॉम्प्युटर बंद करून ऑफिसला गेली. मीही सॅक भरली. मावशी म्हणाल्या, "चहा पिऊन जा." मी कप घेऊन उंबऱ्यावर बसलो आणि सहज फोनच्या नेटवरून हाक मारून पाहिली. कॉम्प्युटर उठला. बंद केला. परत उठवला. परत बंद केला. एकटाच हसत होतो.

मावशींची बाजाराला निघायची वेळ झाली. डोक्यात अबोलीचा गजरा माळून त्या घरातून फिरायला लागल्या. पंखा, टक. दिवा, टक. टीव्ही, टक. खिडकीजवळ गेल्या, टक.

मी हाक मारली. कॉम्प्युटर गप्प.

"मावशी!"

"काय रे? भाजलास?"

"ते खिडकीजवळचं बटण..."

"रोजच बंद करते. जागृती गेली, मशिन बंद. मग बटण कशाला चालू?"

"पण मी विचारलं होतं, कुणी हात लावतं का!"

"मशिनला कुठं लावला? भिंतीला लावला."

जागृतीलाही पत्ता नव्हता, कारण संध्याकाळी खुर्चीत बसण्याआधी तिचा हात आपोआप त्या बटणावर जायचा. आणि राऊटर का वाचला, तेही कळलं. तो माळ्याला लागून होता. मावशींचा हात तिथं पोचत नव्हता.

आता समजवायचं कसं? माझं लक्ष फ्रीजरच्या बटणाकडे गेलं. त्यावर लाल चिकटपट्टी होती.

"मावशी, हे का नाही बंद केलं?"

"येडा का काय! आत पापलेट हाय. बाहेरून गप वाटतो, आत त्याचं काम चालू असतं."

"कॉम्प्युटरचंही तसंच आहे."

त्यांनी त्या काळ्या डब्याकडे जरा संशयानं पाहिलं. "आत काय हाय?"

"जागृतीची लाट."

मावशींनी खणातून लाल चिकटपट्टी काढली, बटण चालू केलं आणि त्यावर आडवी, मग उभी, मग पुन्हा आडवी चिकटवली.

दुकानात पोचून मी हाक मारली. लगेच मावशींचा फोन. त्या बाजारात गेल्याच नव्हत्या. "पोरा, पेटला! खोलीत कुणी नाय आणि पेटला!" मागे गल्लीतल्या बायकांचा गलका. "त्याला सांग, परत झोपव!" मी झोपवला. किंकाळ्या. "आता उठव!" उठवला. टाळ्या. सावंत सरांनी मला खुर्चीवरून ढकललं. "मेल्या, सरक आता, माका बघूंदे." त्यांनी स्वतः झोपवला, स्वतः उठवला, आणि फोनवर ओरडले, "दिसता काय गो?" गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळत होतं, तेही येऊन बघायला लागलं.

शुक्रवारी मावशींनी बाजारातली टोपली बहिणीकडे दिली आणि खोलीच्या दारात पाट टाकून बसल्या. गल्लीतलं कुणी आत डोकावलं की, "आत पोरीचं काम चाललंय, चल पुढं." मी दुकानात फोनकडे बघत बसलो होतो. आज काही बंद पडलं तर हाक मारून उपयोग नव्हता.

दुपारी जागृतीचा मेसेज आला. "दादा, उठला." नंतर बराच वेळ काही नाही. मग फोन. "दादा, ते म्हणाले लाट उशिरा फुटू दे. मी तिथंच करून दाखवली. सगळा समुद्र माझा!" पुढचं नीट ऐकू आलं नाही, कारण सावंत सर दुकानातच नाचायला लागले होते.

त्या संध्याकाळी बाईंना पत्र लिहिलं. ते असं:

"तीर्थस्वरूप बाईंना दत्ताचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही विचारता, मुंबईत नक्की काय करतोस. या आठवड्यात मी वरळीतला एक कॉम्प्युटर नायगावातून झोपवला आणि उठवला. त्यामुळे एका मुलीला मोठं काम मिळालं. सिनेमा आला की कळवीन. त्यातली लाट तिची आहे.

बाई, मशिनबद्दल जे येतं ते तुमच्यामुळे मिळालेल्या शिक्षणामुळे. पण तीन खेपा घालून नवं शिकलो ते असं. घरातल्या माणसाला 'हात लावता का' असं विचारू नये. 'निघताना काय काय करता' असं विचारावं. हे मी मावशींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, 'मग पहिल्याच दिवशी इचारायचं ना.'

तुमचा, दत्ता."