गुरूचं नाव मी घेणार

गुरुजींनी दोरा माझ्या मनगटाभोवती धरला होता. गाठ मारायची तेवढी बाकी होती. तेवढ्यात काकूंनी माझ्या बाबांना विचारलं,

"तुम्ही कुठले म्हणायचे? कुठल्या शाखेचे?"

गुरुपौर्णिमेची सकाळ. बालाजी घाटावरच्या गल्लीत गुरुजींचं घर, वरच्या मजल्यावर गाण्याची खोली. गुरुजी काशीतले जुने मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इथले. काकू त्यांची बायको. खोलीत शिष्य, शेजारी, दोन-तीन बडे रसिक. आणि दाराशी चपला काढतात तिथं, कोपऱ्यात, माझे बाबा. नव्या शर्टाच्या घड्याही मोडल्या नव्हत्या. मांडीवर नारळ.

बाबांना वाटलं, आपली चौकशी झाली, मान मिळाला. हसून म्हणाले,

"नगरकडचे जी. गवंडीकाम करतो. ऐतवारी चर्चात पेटी वाजवतो. पोरीला सूर तिथंच लागला."

काकू म्हणाल्या, "चर्चमध्ये? म्हणजे तुम्ही लोग कोण?"

"पयले मांग. आज्याच्या टायमाला ख्रिस्ती झालो."

गुरुजींनी दोरा सोडला. तो माझ्या हातावरून घरंगळून ताटात पडला. शेजारी चणे-गूळ तसाच.

गंडा बांधणं म्हणजे काय ते सांगते. गुरू शिष्याच्या मनगटाला दोरा बांधतो, आपल्या हातानं चणे-गूळ भरवतो. तिथून पुढं शिष्य त्या घराण्याचा. त्याआधी तुम्ही कितीही शिका, तुम्ही येणारे-जाणारे. गंडा नसलेल्याला बनारसमध्ये बैठकीत कोणी बसवत नाही.

मी खोटं बोलले नव्हते. मला कोणी विचारलंच नव्हतं. माझं आडनाव मराठा सरदारांचं. काशीतल्या मराठी माणसाची एक गंमत आहे, असं आडनाव कानावर पडलं की त्याला आधी घाट आठवतात, वाडे आठवतात. हेच आडनाव मांगवाड्यातही असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी मला मनातल्या मनात सरदारकन्या करून टाकलं होतं. रेल्वेतली नोकरी करून पोर गाणं शिकते, रक्तच तसलं, असं काकू पाहुण्यांना कौतुकानं सांगायच्या.

गुरुजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे पहिले सांगायला हवं होतं, बेटा. गळा शिकवला मी. घराणं कसं देऊ?"

काकूंनी आत हाक मारली, "गंगाजल आण गं." आणि सकाळी मीच जुळवलेल्या तंबोऱ्यावर सगळ्यांच्या देखत पाणी शिंपडलं. तारा ओल्या झाल्या. एवढे रसिक बसले होते, एकाच्याही तोंडून हूं की चूं निघालं नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. पण बाबा उठले. हात जोडले. म्हणाले, "चुकलं आमचं. माफी असावी."

काय चुकलं? काय चुकलं होतं आमचं? माझे पणजोबा सनई वाजवायचे. देवळाबाहेर, उन्हात उभं राहून. आतल्या देवाला सूर चालायचा, वाजवणारा चालायचा नाही. बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधली आणि रात्री पेटीवर मला सा धरायला शिकवलं. तो माणूस माझ्यासमोर वाकून माफी मागत होता, आणि समोरची माणसं ती माफी घेत होती. त्या क्षणी मला त्या घराची राख झालेली बघायची होती. आजही तसं वाटतं. लपवत नाही.

बाबा त्याच दिवशी गाडीत बसले. फलाटावर एवढंच म्हणाले, "तुझं नुकसान केलं म्या."

मी ठरवलं, गाऊन दाखवते. इतकं गाईन की झक मारत बोलावतील. मेहनतीनं सगळं मिळतं हे शाळेपासून ऐकलं होतं. पहाटे मुन्शी घाटावर जाऊन बसायची. ऑफिस सुटलं की क्वार्टरचं दार लावून रियाज. दुसऱ्या दोन गुरूंचे उंबरठे झिजवले. दोघांकडे गुरुजींचा फोन माझ्याआधी पोचला होता. आणि हळूहळू माझा गळा मिटला. पंचमाच्या वर सूर जाईना. डॉक्टर म्हणाले, गळ्यात काही दोष नाही. ज्येष्ठमध खाल्लं, गुळण्या केल्या, आणखी रियाज केला. जितकं रेटलं तितका आवाज आत गेला. वरच्या सुरापाशी आले की बाबांचे जोडलेले हात दिसायचे.

कॅन्टोन्मेंटकडच्या एका लहान चर्चमध्ये मी रविवारी जायचे. जायचे म्हणजे मागच्या बाकावर बसून यायचे. तोंड उघडायचे नाही. तिथले पाद्री भोजपुरी बोलणारे, भला माणूस. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले,

"माफ क द, बिटिया. मन हल्का हो जाई."

मला मन हलकं करायचं नव्हतं. मी सरळ प्रार्थनेत मागितलं, प्रभू, त्या माणसाचा गळा बसव. भर मैफलीत बसव. तंबोऱ्याच्या तारा त्याच्या मांडीवर तुटू देत. देवासमोर असं मागायची लाज वाटली नाही. खोटी प्रार्थना करण्यापेक्षा हे बरं. शेवटी तेही मागून संपलं. मग मी म्हणाले, माझ्याच्यानं होत नाही. माफी होत नाही, गाणं होत नाही, विसरणंही होत नाही. तुझ्याच्यानं काय होतं ते बघ.

बोलताना समोरच्या क्रूसाकडे नजर गेली. लहानपणापासून बघत आले होते. पण त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की याला शहराच्या वेशीबाहेर नेऊन मारलं होतं. लोक थुंकले, हसले, कपडे वाटून घेतले. गावकुसाबाहेरचा देव. आणि मी वेड्यासारखी आत घ्या, आत घ्या म्हणून एका ब्राह्मणाच्या जिन्यावर उभी. ज्याच्यावर विसंबायचं तो तर बाहेर होता, माझ्या पणजोबांशेजारी उन्हात.

लोक उठून जात होते. मी बसल्या बसल्या बाबांचं चर्चमधलं एक मराठी गीत धरलं. आवाज फाटला, घोगरा निघाला, पण पंचम ओलांडून वर गेला. माझ्या कष्टानं नाही. कष्ट तर मी सगळे करून बसले होते. त्या दिवशी आईनं दिलेला गळ्यातला क्रूस कुर्त्याच्या आतून बाहेर काढला, तो परत आत घातला नाही.

नाताळला चर्चच्या अंगणात गायले. त्या दिवशी सगळं बनारस कॅन्टोन्मेंटकडची चर्चं बघत फिरतं. गर्दीतल्या एका जाणकारानं विचारलं, "किससे सीखा?" मी गुरुजींचं नाव सांगितलं. चार दिवसांत बोलावणं आलं.

तीच खोली. गुरुजी एकटेच. पुढ्यात ताट, ताटात नवा दोरा.

"झालं ते झालं, बेटा. आवाजात आमची तालीम दिसते, लोक पूछत असतात. उद्या भल्या सकाळी ये. दरवाजा बंद करून बांधून टाकू. गळ्यातलं ते काढून ये. आणि वडलांना आणू नकोस."

खोटं कशाला सांगू, दोरा बघून माझा हात पुढं झाला होता. तो दोरा म्हणजे बैठक, मानधन, छापलेलं नाव. कितीतरी वर्षं त्याच्यासाठी मी त्या खोलीत केर काढला होता, चहा केला होता. पण शेवटचं वाक्य ऐकलं आणि हात मागे घेतला.

मी म्हणाले, "दोरा नको. माफी मागायला नगरला चला. माझ्या बाबांची."

गुरुजींचा चेहरा काळाठिक्कर पडला. म्हणाले, "मग यापुढे कुठं माझं नाव घेऊ नकोस."

मला हसू आलं. सूड कसा घेऊ, म्हणून मी किती दिवस देवाला विचारत होते. उत्तर या माणसाच्याच तोंडून आलं.

पुढच्या महिन्यात शहरातल्या एका सभागृहात माझं गाणं आहे. रेल्वेतल्या मराठी लोकांनी ठरवलंय. बाबा पेटीवर बसतील, मंचाच्या मधोमध, उजेडात. आम्हा गाणाऱ्यांत गुरूचं नाव घेताना आदरानं कानाच्या पाळीला हात लावतात. मी गुरुजींचं नाव घेणार. पूर्ण, आडनावासकट, गल्लीसकट. कानाला हात लावणार नाही. यांनी मला शिकवलं, आणि माझ्या बाबांची जात कळल्यावर तंबोऱ्यावर पाणी शिंपडलं, एवढं सांगून सा लावणार. या मैफलीत सांगणार, पुढच्या मैफलीत सांगणार, परगावी गेले तरी सांगणार. माफ करायचं काम देवाचं, त्याला जमेल तेव्हा तो करील. मी थांबणार नाही. गुरुजी गेल्यावर त्यांच्या गंडाबंद शिष्यांना ऐकावं लागेल.